घोड्याचा डोळा आणि दानाचा अर्थ

(द्वितीय वर्ष, कला)

नीतिशास्त्राच्या तासाला प्राण्यांवरील प्रयोगांचा विषय निघाला म्हणजे ठरलेले उदाहरण येते ते सशाचे. १९४४ साली जॉन ड्रेझ या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह एक चाचणी बसविली. एखादा पदार्थ माणसाच्या डोळ्याला कितपत झोंबेल हे पाहण्यासाठी तो आधी सशाच्या डोळ्यात घालायचा आणि डोळा किती लाल होतो, किती सुजतो, बुबुळ किती गढूळ होते याला गुण द्यायचे. पुढे शाम्पू आणि सौंदर्यप्रसाधने यांच्यासाठी हीच पद्धत रूढ झाली. १९८० मध्ये हेन्री स्पायरा यांनी तिच्याविरुद्ध अमेरिकेत मोठी मोहीम उघडली. आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास २०१४ साली बंदी झाली. या उदाहरणात बाजू निवडणे सोपे आहे. लिपस्टिकसाठी सशाचा डोळा जावा असे आमच्या वर्गात एकही विद्यार्थी म्हणाला नाही आणि तास दहा मिनिटे आधीच संपला.

प्रस्तुत लेखात मी त्याहून अवघड उदाहरण घेणार आहे. घोड्याचा डोळा आजारी आहे, मालक गरीब आहे, आणि पशुवैद्यकाच्या अभ्यासासाठी तो घोडा 'दान' म्हणून मागितला जात आहे. येथे दुष्ट असे कोणी नाही. मागणाऱ्याला शिकायचे आहे, देणाऱ्याला सुटायचे आहे, आणि ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे त्याला विचारता येत नाही.

हा प्रश्न माझ्यापर्यंत पुस्तकातून आला नाही. मी किहीमची. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. वडील वाडीत नारळ-सुपारीची कामे करतात आणि काका समुद्रावर पर्यटकांना घोड्यावरून फेरी मारतात. त्यांच्याकडे दोन घोडे आहेत. त्यांपैकी थोरला सोन्या. दोन वर्षांपूर्वी त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहू लागले, मग डोळा मिटून राहू लागला, मग बरा झाला, आणि पुन्हा पावसाळ्यानंतर तेच. शेवटी डोळ्यात निळसर पांढरी झाक आली. काका म्हणाले, फूल पडले. आंधळ्या बाजूने कोणी आले की सोन्या दचके, आणि दचकणाऱ्या घोड्यावर कोणी आपले मूल बसवीत नाही.

आता घोड्याच्या डोळ्याविषयी थोडे, कारण ते कळल्याशिवाय पशुवैद्यकांना हा डोळा का हवा असतो हे कळणार नाही. जमिनीवर राहणाऱ्या सस्तन प्राण्यांत सर्वांत मोठ्या डोळ्यांत घोड्याचा डोळा मोडतो. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ साडेतीनशे अंशांचा परिसर दिसतो. नेमके शेपटीमागचे आणि नाकापुढचे थोडेसे तेवढे दिसत नाही. बाहुली आडवी असते, म्हणून क्षितिजावरची हालचाल त्याला पटकन जाणवते. गाडीच्या घोड्याला झापडे बांधतात ती यासाठीच. एवढा मोठा आणि बाहेर आलेला डोळा काट्याला, चाबकाला, वाळूला सहज सापडतो. पण घोड्याच्या अंधत्वाचे जगभरातले सर्वांत मोठे कारण इजा नसून डोळ्याच्या आतल्या थरांना वारंवार येणारी सूज हे आहे. पूर्वी युरोपात लोकांना वाटे की ही सूज चंद्राच्या कलांबरोबर येते आणि जाते, म्हणून त्यांनी या रोगाला चंद्राचेच नाव दिले होते. चंद्राचा त्यात काही संबंध नाही. पुष्कळ घोड्यांमध्ये त्यामागे लेप्टोस्पायरा नावाचे जंतू सापडतात. होय, पावसाळ्यात आपल्याकडे ज्या 'लेप्टो'ची सर्वांनाच धास्ती असते तेच. उंदीर आणि गुरे यांच्या लघवीवाटे ते साचलेल्या पाण्यात येतात. घोड्याला मूळ ताप किरकोळ येतो, कित्येकदा मालकाच्या ध्यानातही येत नाही. पण काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, डोळा सुजू लागतो. शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणाच मग डोळ्याच्या पडद्यावर उलटते आणि प्रत्येक फेरीत दृष्टीचा थोडा भाग घेऊन जाते.

आपल्या देशात आणखी एक आजार दिसतो. गुरांच्या पोटाच्या पोकळीत सुतासारखा पांढरा जंत राहतो. गुरांना त्याचा फारसा त्रास नसतो. त्याची सूक्ष्म पिल्ले डासांवाटे घोड्याच्या अंगात गेली की वाट चुकतात, आणि एखादे डोळ्यात पोहोचते. मग बुबुळामागच्या पाण्यात तो जंत वळवळताना चक्क बाहेरून दिसतो. लहानसा छेद देऊन तो काढतात. जिथे गोठा, साचलेले पाणी आणि घोडा एकमेकांच्या शेजारी आहेत तिथे हे व्हायचेच, आणि आमच्या वाड्यांत ही तिन्ही एकाच कुंपणात असतात.

वारंवार सुजणाऱ्या डोळ्याच्या आजाराचे महत्त्व केवळ घोड्यापुरते नाही. माणसालाही अशीच सूज येते आणि तीमुळे तरुण वयात अंधत्व येते. तिचा अभ्यास करण्यासाठी प्रयोगशाळेत उंदरांना मुद्दाम हा रोग जडवावा लागतो. घोड्याला तो आपोआप होतो. म्हणून घोड्याच्या डोळ्यावरून माणसाच्या रोगाविषयी पुष्कळ कळते असे संशोधक म्हणतात. जर्मनीतील म्युनिक येथे या घोड्यांच्या डोळ्यांतला गढूळ झालेला जेलीसारखा पदार्थ शस्त्रक्रियेने काढून टाकतात, म्हणजे सुजेच्या फेऱ्या थांबाव्यात. काढलेला पदार्थ फेकून न देता त्यात लेप्टोस्पायरा आहे का हे तपासतात. घोड्यावर उपचार होतो आणि उपचारातून जे उरते त्यातून ज्ञान मिळते. मला या उदाहरणात काहीही आक्षेपार्ह दिसत नाही. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १८८६ सालची. त्याच्या शेजारीच बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय आहे, आणि बरे व्हायला आलेल्या जनावरांवरून विद्यार्थ्यांनी शिकायचे ही तिथली जुनी रीत. माणसांचे डॉक्टरही असेच शिकतात.

अडचण सुरू होते ती घोडा रुग्ण न राहता साहित्य होतो तेव्हा.

गेल्या दिवाळीनंतर एक गृहस्थ आमच्याकडे आले. ते कोणत्या संस्थेचे हे येथे सांगण्याचे कारण नाही. ते सज्जन होते, चहा घेऊन बोलले. सोन्यासारखे घोडे शिकण्यासाठी आणि संशोधनासाठी लागतात, घोडा दिला तर त्याच्या खाण्याचा भार उतरेल, नेण्याचा खर्चही ते करतील असे म्हणाले. एक छापील कागद त्यांनी ठेवला. इंग्रजीत होता. काकांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बाय, तू वाच नि सांग, ह्यात काय लिवलंय."

कागदात पाच वाक्ये होती. घोडा माझ्या मालकीचा आहे. मी तो स्वखुशीने देत आहे. त्याबद्दल मला मोबदला नको. यापुढे या जनावरावर माझा कोणताही हक्क राहणार नाही. संस्थेला योग्य वाटेल त्या रीतीने त्याचा उपयोग करता येईल. मी मराठीत सांगितले. काका बराच वेळ गप्प बसले, मग त्यांनी एकच विचारले, "उजवा डोळा चांगला हाय त्याचा. त्याला तर हात नाय ना लावणार?" याचे उत्तर कागदात नव्हते.

या एका प्रश्नावर मी पुढे जे काही वाचले ते सगळे येऊन ठेपते असे मला वाटते. आंधळा झालेला, दुखणारा डोळा अभ्यासला जाणे आणि तुलनेसाठी चांगल्या डोळ्यावर प्रयोग होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'योग्य वाटेल त्या रीतीने' या शब्दांत त्या दोन्ही मावतात. देणाऱ्याच्या मनात पहिली असते.

'दान' हा शब्दही येथे जरा तपासला पाहिजे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण नेत्रदानाचे अर्ज भरतो. तिथे माणूस आपला स्वतःचा डोळा देतो, तोही मेल्यानंतर, आणि काही तासांत तो काढून त्यावरचा पारदर्शक पडदा दुसऱ्याला बसवितात. घोड्याच्या दानात देणारा एक आणि ज्याचे जाते तो दुसरा. आपल्या परंपरेला ही अडचण ठाऊक नव्हती असे नाही. कठोपनिषदाचा आरंभच अशा दानाने होतो. वाजश्रवस यज्ञात सर्वस्व देतो खरा, पण त्याच्या गाई अखेरचे पाणी पिऊन, अखेरचे गवत खाऊन, शेवटचे दूध देऊन झालेल्या, इंद्रिये थकलेल्या अशा असतात. पोरसवदा नचिकेताला ते पाहवत नाही, आणि तो बापाला विचारतो की मला कोणाला देणार? आमच्या प्राध्यापकांनी हा भाग श्रद्धेच्या अंगाने शिकविला. मला त्यात व्यवहार दिसला. ज्याचा आपल्याला उपयोग उरला नाही ते दुसऱ्याच्या दारात सोडायचे आणि त्याला दान म्हणायचे, हे त्या मुलाने बरोबर ओळखले होते.

पण काकांवर हा आरोप करणे मला जमत नाही. चंदी, गवत, नाल आणि औषध या साऱ्याचा खर्च कामावर नसलेल्या घोड्यालाही तेवढाच लागतो. पावसाळ्याचे चार महिने समुद्रावर धंदा नसतो. काम संपलेल्या घोड्याचे काय करायचे याचे उत्तर मोठ्या शहरांनाही सहज सापडलेले नाही. (घोड्याचे काम संपल्याचा एक फायदा आमच्या तालुक्याला झाला, तो असा: मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामगाड्या विजेवर जाणार असे ठरले तेव्हा विजेमुळे कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बिघडतील म्हणून १९०४ साली अलिबागेस वेधशाळा आली. त्या घोड्यांचे पुढे काय झाले हे मात्र मला कोठे वाचावयास मिळाले नाही.) मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली हौसेच्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरविल्या तेव्हा गाडीवाल्यांच्या आणि घोड्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न लगेच उभा राहिला. मुंबईचे पांजरपोळ १८३४ पासून आहे, पण किहीमहून एक आंधळा घोडा तिथवर नेणे आणि त्याला जागा मिळणे ही सोपी गोष्ट नाही. राहतो व्यापारी. तो घोडा कुठे नेतो हे विचारायचे नसते. त्या मानाने संशोधन संस्था पुष्कळच बरी.

कायदा काय म्हणतो तेही पाहिले. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० चा. ज्ञानवृद्धीसाठी किंवा रोगनिवारणासाठी केलेले प्रयोग तो बेकायदा ठरवीत नाही, पण त्याच्या १७व्या कलमात पुष्कळ काही आहे. शस्त्रक्रियेचा प्रयोग होईल तेवढा भूल देऊन करावा. भुलेत असताना प्राण्याला इतकी इजा झाली की शुद्धीवर आल्यावर यातनाच होतील, तर शुद्धीवर येण्याआधीच त्याला मरण द्यावे. पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट यांनी भागत असेल तर महाविद्यालयांत प्रयोग टाळावेत. लहान प्राण्यावर काम होत असेल तर मोठा प्राणी घेऊ नये. केवळ हाताला सवय व्हावी म्हणून प्रयोग करू नयेत. ब्रिटनमध्ये रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली प्राण्याऐवजी पर्याय शोधा, संख्या कमी करा, त्रास कमी करा अशी त्रिसूत्री मांडली होती. आपल्या कायद्यात तीच वृत्ती दिसते. पुढे १९९८ च्या नियमांनी प्रत्येक संस्थेत एक नैतिक समिती आवश्यक केली. प्रयोगानंतर प्राण्याची देखभाल आणि पुनर्वसन हीही प्रयोग करणाऱ्यांची जबाबदारी मानली गेली असून तो खर्च संशोधनाच्या खर्चातच धरायचा आहे. म्हणजे कायदा घोड्याला विसरलेला नाही. आमच्याकडे आलेला कागद विसरला होता.

त्या समितीत शास्त्रज्ञ नसलेला, समाजाची जाण असलेला एक सभासद असावा अशी तरतूद आहे. मला ती सर्वांत चांगली वाटली. अशा जागी बहुधा वकील किंवा समाजसेवक बसत असतील. पण घोड्याला खरारा करणारा माणूस का नसावा? घोडा कान कसा टाकतो, तोबरा पुढे असून तोंड का लावीत नाही, दुखणारा डोळा कोणत्या बाजूला लपवितो, हे काकांना कागद न वाचता कळते. त्रास किती झाला हे ठरवायचे असेल तर ही माहितीही पुराव्यात धरावयास हवी.

या विषयावर मी वर्गात निबंध वाचला तेव्हा आमच्या सरांनी एक आक्षेप घेतला आणि तो वजनदार आहे. ते म्हणाले, सापाच्या विषावरचा उतारा घोड्याच्या रक्तातून येतो हे तू सोयीस्करपणे वगळलेस. खरे आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष अगदी थोड्या, हळूहळू वाढत्या प्रमाणात घोड्याला टोचतात. त्याच्या रक्तात प्रतिकारद्रव्ये तयार झाली की रक्त काढून त्यातून लस बनवितात. हाफकिनच्या लसीसाठी पिंपरीला घोडे ठेवलेले असतात. आमच्या वाडीतल्या एका काकूंना भातकापणीत घोणस चावली होती, त्या आज चालत्या-बोलत्या आहेत त्या या घोड्यांमुळे. ते घोडे आजारी नव्हते, त्यांनी संमती दिली नव्हती, आणि तरी मी ती लस नको म्हणणार नाही. सरांना मी एवढेच उत्तर देऊ शकले की तिथेही मला तोच प्रश्न विचारायचा आहे: किती रक्त, किती दिवसांनी, किती वर्षे, आणि नंतर तो घोडा कुठे? गरज मोठी आहे म्हणून हिशेब मागायचा नाही असे होत नाही. सर म्हणाले, हे उत्तर पुरेसे नाही. मलाही ते पूर्ण पुरेसे वाटत नाही, पण याहून चांगले अद्याप सुचलेले नाही.

किहीमला संशोधनाची एक जुनी आठवण आहे ती येथे सांगण्यासारखी. डॉ. सालिम अली १९३० च्या पावसाळ्यात आमच्या गावी राहत होते आणि सुगरण पक्ष्यांची घरटी पाहत होते. नर अर्धे घरटे विणतो, मादी ते पाहून पसंत करते, मग ते पुरे होते, आणि नर दुसरे विणायला घेतो, ही त्या पक्ष्याच्या संसाराची रीत त्यांना आमच्या गावात उमगली. त्यासाठी लागले ते डोळे, वही आणि कमालीचा धीर. एवढे सांगून थांबले तर ते अर्धे सांगणे होईल. याच सालिम अलींनी संग्रहालयांसाठी कितीतरी पक्षी बंदुकीने टिपले आणि ते आवश्यक होते असेच त्यांचे मत होते. पाहून जे कळते त्यासाठी मारायचे नाही आणि जे पाहून कळत नाही त्यासाठी किती मारायचे, हा निवाडा त्यांनाही दरवेळी नव्याने करावा लागला असणार.

सोन्याचे पुढे काय झाले ते सांगते. त्या गृहस्थांना काकांनी कळविले की उजव्या डोळ्याला हात लावणार नाही असे लिहून द्या, मग विचार करू. छापील कागद बदलता येत नाही असे उत्तर आले. ते त्यांच्या दृष्टीने खरेही असेल. फेब्रुवारीत डाव्या डोळ्याचे दुखणे फार वाढले. सोन्या भिंतीला डोके लावून उभा राहू लागला. पशुवैद्यांनी सांगितले की हा डोळा आता केवळ दुखण्यापुरता उरला आहे, काढलेला बरा. सोन्याला गुंगीचे औषध देऊन, डोळ्याभोवतीचा भाग बधिर करून, उभ्या उभ्याच त्यांनी तो काढला. काकांनी दोर धरला होता. डोळा फेकू नका, कोणाला शिकायला उपयोगी पडत असेल तर द्या, असे काका आपण होऊन म्हणाले. तो औषधी पाण्याच्या बरणीतून गेला. सोन्या एका डोळ्यावर वाडीत आहे. आता त्याच्यावर कोणी बसत नाही, पण नारळाच्या गोणी तो आणतो, आणि गवताचा अर्धा भार माझ्या वडिलांनी उचलला आहे. प्रत्येक घरात दोन भाऊ आणि एक वाडी असेलच असे नाही, हे मला कळते.

म्हणून मी असा एक कागद मराठीत लिहून काढला आहे, जो घोडा देणाऱ्याला वाचता येईल. त्यात घोड्याचा कोणता आजार अभ्यासायचा ते लिहायचे. चांगल्या अवयवावर प्रयोग होणार असेल तर तसे स्पष्ट लिहून मालकाची वेगळी सही घ्यायची. दुखणे कमी करण्यासाठी काय देणार, घोडा किती दिवस राहणार, त्याला मरण द्यायचे ठरले तर आधी मालकाला कळविणार की नाही, आणि घोडा जगला तर कुठे राहणार, हेही त्यात आहे. मालकाला महिन्यातून एकदा येऊन घोडा पाहता यावा असेही मी घातले आहे. आमचे सर म्हणतात की हे कलम कोणतीही संस्था मान्य करणार नाही. काकांना मात्र सगळ्या कागदात तेवढेच महत्त्वाचे वाटले. कागदाची एक प्रत आपल्या महाविद्यालयाच्या वाचनालयात ठेवली आहे. समुद्रावर किंवा माथेरानला ज्यांच्या घरी घोडे आहेत अशा विद्यार्थ्यांनी ती घरी वाचून दाखवावी आणि काय राहिले ते मला सांगावे.